उजव्या बाजूचा अभ्यास

परदेशी निघालेल्या मुलामुलींच्या तयारीत लोणची, मेतकूट, उबदार कपडे आणि दाखल्यांच्या साक्षांकित नकला यांना जे अग्रस्थान मिळते, ते मोटार चालविण्याच्या अभ्यासाला क्वचितच मिळते. वस्तुतः ज्या देशात भाजी आणावयास निघाले तरी मोटारीवाचून गत्यंतर नसते, आणि जेथील सारी वाहतूक आपल्या अंगवळणी पडलेल्या रीतीच्या उलट, रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, त्या देशी गेलेल्या माणसाच्या जिवाला खरा धोका संभवतो तो रस्त्यावर. हा विषय मला इतका गंभीर वाटतो की, पालमला वकीलसाहेबांच्या ओसरीवर त्यावर जे बोलणे झाले ते, फारशी काटछाट न करता, येथे नोंदवून ठेवीत आहे.

वकीलसाहेबांची धाकटी लेक पुण्यात संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करते. तिची नेमणूक टेक्सास राज्यात, डॅलसच्या उत्तरेस असलेल्या प्लेनो या शहरी झाली होती आणि ती निरोप घेण्यासाठी गावी आली होती. वकीलसाहेबांचे आयुष्य गंगाखेड-परभणीच्या न्यायालयांत गेलेले. कलम, मुदत आणि दस्तऐवज यांवर त्यांची श्रद्धा अढळ. त्यांच्यासमोर बसलेले गृहस्थ, ज्यांना सारे गाव मामा म्हणून ओळखते, ते एस. टी.चे निवृत्त चालक. विनाअपघात सेवेचा बिल्ला त्यांनी घरी जपून ठेवला आहे, आणि गंगाखेड, पालम, लोहा, नांदेड हा रस्ता त्यांच्या हातापायांत इतका मुरलेला आहे की बोलतानासुद्धा त्यांचा डावा हात मधूनमधून नसलेल्या गिअरकडे जातो.

वकीलसाहेबांनी प्रारंभ कागदपत्रांपासून केला. "मामा, कागदाच्या बाजूने काही उणे राहिलेले नाही. परभणीच्या परिवहन कार्यालयाकडे नमुना ४-अ मधील अर्ज गेला, पासपोर्ट व व्हिसाच्या नकला जोडल्या, १००० रुपये शुल्क भरले. आंतरराष्ट्रीय परवाना एक वर्षाच्या मुदतीचा आहे, आणि मूळ लायसन्सची मुदत त्याआधी संपत नाही, हेही मी पाहून घेतले. १९४९ साली जिनीव्हा येथे रस्ते-वाहतुकीविषयी जो करार झाला त्यात आपला देशही सामील आहे आणि अमेरिकाही, म्हणून हा परवाना तिकडे ग्राह्य धरला जातो. २०२२ साली केंद्र सरकारने त्याचा नमुना देशभर एकसारखा केला, त्यामुळे एका राज्याचा परवाना एक तऱ्हेचा आणि दुसऱ्याचा दुसऱ्या, असा घोळही उरला नाही. मात्र हा परवाना मूळ लायसन्सच्या सोबतीने चालतो, त्याच्या जागी नव्हे. दोन्ही जवळ बाळगली पाहिजेत. टेक्सासमध्ये जो वास्तव्याला जातो त्याने ९० दिवसांच्या आत तेथील लायसन्स काढावयाचे असते, आणि त्यासाठी लेखी परीक्षा व प्रत्यक्ष चाचणी दोन्ही द्याव्या लागतात. विम्याचेही पाहिले: एका जखमी इसमामागे ३०,००० डॉलर, एका अपघातात एकूण ६०,००० आणि मालमत्तेच्या नुकसानीपोटी २५,००० डॉलर, इतके संरक्षण तेथील कायद्याने किमान ठरविले आहे. त्यांच्या सरकारची चालक-पुस्तिका मी छापून घेतली आहे. ती लेकीला पाठ झाली की तयारी पुरी झाली, असे माझे मत आहे."

मामांनी पुस्तिका हाती घेऊन तिची पाने सावकाश उलटली, त्यातल्या चौकांच्या चित्रांवरून बोट फिरविले आणि ती आदराने परत ठेवली. "हे सगळं पाहिजेच, वकीलसाहेब, मी नाही म्हणत नाही. पण पाठ होईल ते तिच्या डोक्याला. ऐन वेळी गाडी चालवतात ते हात-पाय, आणि हातापायांना वाचता येत नाही."

"हातापायांवर हुकूम डोक्याचाच चालतो," वकीलसाहेब म्हणाले, "आणि बाजू ही तरी काय आहे? राज्यकर्त्यांनी घालून दिलेला शिरस्ता. १९२८ साली पोर्तुगालने आपली वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली, पण गोव्यात ती डावीकडेच ठेवली, कारण गोव्याच्या सीमेला इंग्रजांचा मुलूख लागून होता. आपल्या या भागात निजामाच्या रेल्वे खात्याने १९३२ साली बसगाड्या सुरू केल्या, त्याही शेजारच्या इंग्रजी मुलखाप्रमाणे डावीकडूनच. जे हुकमाने ठरते ते हुकमाने बदलते. लेकीने एवढेच ध्यानात ठेवावे की सारा रस्ता आरशात पाहावयाचा: डावे ते उजवे, उजवे ते डावे. एकच नियम, आणि तो निरपवाद."

यावर मामांनी उत्तर दिले नाही. त्यांनी ओसरीवरच्या दोन खुर्च्या शेजारी-शेजारी मांडल्या, मुलीला डावीकडच्या खुर्चीवर बसविले, तिच्या हाती एक पितळी ताट दिले आणि म्हणाले, "हे स्टिअरिंग. गाडी चालू आहे. दुसरा गिअर टाक." तिचा डावा हात तत्काळ उठला आणि खुर्चीच्या बाहेरच्या अंगाला, रिकाम्या हवेत जाऊन थांबला. "तिथं दार आहे, माय," मामा हळूच म्हणाले. "गिअर उजव्या हाताला. आता ब्रेक दाब." तिने उजवा पाय दाबला. "बरोबर. म्हणजे पायांची मांडणी तीच राहिली, क्लच डावीकडे, ब्रेक मध्ये, अॅक्सिलरेटर उजवीकडे. हातांची तेवढी बदलली. मग आरसा कुठं राहिला, वकीलसाहेब? आरशात पाय पण उलटे व्हायला पाहिजेत."

मुलीने सांगितले की तिकडच्या बहुतेक गाड्यांना क्लच नसतोच, त्या आपोआप गिअर बदलणाऱ्या असतात. मामा अधिकच गंभीर झाले. "मग तर डाव्या पायाला कामच नाही, आणि कामाची सवय असलेला पाय मोकळा ठेवला की घात करतो. सिग्नल दिसला की तो क्लच समजून पूर्ण जोरानं खाली जाणार, आणि खाली क्लच नाही, रुंद ब्रेक आहे; गाडी जागच्या जागी गचकन थांबणार आणि मागचा येऊन आदळणार. तो पाय सीटखाली ओढून ठेवायचा आणि इंजिन बंद होईपर्यंत तिथून काढायचा नाही." त्यांनी तिला तो पाय खुर्चीखाली घ्यावयास लावला आणि पुढे जे बोलणे झाले त्या साऱ्या वेळात तो तेथेच आहे ना, याकडे त्यांचे लक्ष होते. इंडिकेटरची दांडीही आपल्या बहुतेक गाड्यांत उजव्या हाताला असते, तिकडे ती डाव्या हाताला. वळताना चुकून वायपर फिरू लागले तर ते खुशाल फिरू द्यावेत, त्यांच्याकडे पाहण्यात रस्त्यावरची नजर काढू नये, हेही त्यांनी बजावले.

वकीलसाहेब खऱ्या अर्थाने न्यायबुद्धीचे. आरशाच्या सिद्धांताला गेलेला हा तडा त्यांनी झाकला नाही. उलट पुस्तिका उघडून तो आणखी कोठे जातो हे ते स्वतःच शोधू लागले, आणि त्यांना तो सापडलाही. सिग्नल नसलेल्या, सारखेच महत्त्व असलेल्या दोन रस्त्यांच्या चौकात कोणाला आधी जाऊ द्यावयाचे? आपल्या १९८९ च्या रस्त्याच्या नियमांत उत्तर होते: उजवीकडून येणाऱ्याला. टेक्सासच्या कायद्यातही उत्तर तेच आहे: उजवीकडून येणाऱ्याला. ज्या चौकात चारही बाजूंना थांबण्याची पाटी असते तेथे जो आधी येऊन थांबला तो आधी जातो, आणि दोघे एकदमच आले तर पुन्हा उजवीकडच्याचा मान. म्हणजे सारे उलटले तरी हा नियम उलटला नाही. परंतु वाटोळ्या चौकात तो उलटतो: तेथे वाहने घड्याळाच्या काट्याच्या विरुद्ध दिशेने फिरतात आणि आत फिरणाऱ्याला, म्हणजे डावीकडून येणाऱ्याला, वाट द्यावी लागते. वकीलसाहेबांनी हे सारे मोठ्याने वाचले आणि पुस्तिका मांडीवर उलटी ठेवली. "निरपवाद हा शब्द मी मागे घेतो. पण मग, मामा, तिने धरून काय चालावे? प्रत्येक वळणावर कोणते उलटले आणि कोणते नाही याची यादी मनात वाचत बसली तर ती गाडी चालविणार केव्हा?"

"एकच खूण धरायची," मामा म्हणाले. "रस्त्याची मधली रेघ. आपल्याकडे ड्रायव्हर उजव्या सीटवर बसतो आणि गाडी डावीकडून चालवतो, म्हणून मधली रेघ त्याच्या अंगाला राहते. तिकडे डाव्या सीटवर बसायचं आणि उजवीकडून चालायचं. रेघ परत आपल्याच अंगाला. देश कोणता का असेना, समोरून येणारी गाडी माझ्या खांद्याकडून गेली पाहिजे, शेजारी बसलेल्याच्या खांद्याकडून नाही. वळण घेऊन नव्या रस्त्याला लागलं की पहिल्यांदा हेच बघायचं: रेघ माझ्याकडे आहे का? असेल तर बाजू बरोबर."

हे ऐकून वकीलसाहेबांची कळी खुलली, कारण त्यांच्या वाचनातल्या दोन गोष्टींचा या खुणेने उलगडा झाला. स्वीडनमध्ये १९६७ पर्यंत वाहतूक डावीकडून चालत असे, पण बहुतेक मोटारींचे स्टिअरिंगही डावीकडेच होते. चालक रस्त्याच्या कडेला बसलेला, त्याला पुढचे वाहन ओलांडताना समोरचे दिसत नसे, आणि बाजू बदलण्यामागे हे एक मोठे कारण होते. ब्रह्मदेशात नेमका उलटा प्रकार: १९७० साली तेथील सरकारने वाहतूक उजवीकडे नेली, परंतु उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या पुढे कित्येक वर्षे त्याच रस्त्यांवर धावत राहिल्या, आणि चालक कडेला पडले. "मधली रेघ अंगाशी, हा तुमचा नियम या दोन्ही देशांत मोडला होता," ते म्हणाले.

मामांनी मात्र त्याच खुणेतला धोका लगेच पुढे सांगितला. उजव्या सीटची सवय झालेला माणूस डाव्या सीटवर बसतो तेव्हा त्याचे शरीर रस्त्याच्या पट्ट्यात आपली नेहमीची जागा शोधते; त्या जागी स्वतः येण्यासाठी तो नकळत गाडी उजवीकडे सरकवीत जातो, आणि उजव्या अंगाला गाडीचा जो भला मोठा भाग वाढला आहे त्याचा अंदाज नसल्यामुळे कडेचा कठडा किंवा उभ्या मोटारींचे आरसे घासतो. म्हणून पहिल्या दिवसांत शेजारी बसणाऱ्याने फक्त उजव्या कडेवर लक्ष ठेवावे आणि गाडी कडेला जाऊ लागली की सांगावे, असा त्यांचा आग्रह होता.

येथपर्यंत दोघांचे जुळत आले होते. खरा मतभेद पुढे उपस्थित झाला, आणि माझ्या मते या साऱ्या बोलण्याचे सार त्यातच होते. वकीलसाहेबांनी असे प्रतिपादन केले की उजवीकडची तयारी पालममध्येच, डावीकडून सुरू झाली पाहिजे. "आपल्या लोकांची अडचण डाव्या सवयीची नाहीच," ते तळमळीने म्हणाले, "अडचण ही की आपल्याला कोणत्याच बाजूची सवय नाही. या समोरच्या रस्त्यावर पाहा: खड्डा चुकवावयास उजवीकडे, सावली पाहून उजवीकडे, चौक लांब पडतो म्हणून दुभाजकाच्या उलट्या अंगाने. जो येथे डावी बाजू काटेकोर पाळील तोच तेथे उजवी पाळू शकेल. शिस्त ही एकदा अंगी आली की तिला देश नसतो. म्हणून जाईपर्यंत लेकीने या रस्त्यावर एकदाही मधली रेघ ओलांडू नये."

"शिस्तीचं मला शिकवू नका," मामा म्हणाले. स्वर दुखावलेला नव्हता, पण ठाम होता. "आयुष्यभर मी डावी बाजू सोडली नाही, आणि म्हणूनच सांगतो की तिकडे सगळ्यांत धोक्याचा ड्रायव्हर कोण असेल तर तो मी. जितकी सवय पक्की, तितकी ती संकटात आधी धावून येते. पोरीचं वय लहान, सवय अजून ओली आहे, ती वळेल. माझी वळणार नाही. आणि हा रस्ता तुम्ही ओसरीवरून बघता, मी काचेतून बघितला आहे. कारखान्याच्या हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर पुढं असतो, मागं दिवा नाही, बैलगाडी साइडपट्टीवरून खाली उतरू शकत नाही; तिथं बाजू धरून बसलं तर बस गंगाखेडला पोचणार नाही. तिथं हॉर्न आणि डिप्पर देऊन, समोरच्याच्या मनात काय आहे ते ओळखून वाट काढावी लागते. तिकडे ही विद्या विसरावी लागेल, हे मी मान्य करतो, पण तिला बेशिस्त म्हणू नका."

वकीलसाहेबांनी स्वीडनचा दाखला पुन्हा काढला. १९५५ च्या जनमत-कौलात सुमारे ८३ टक्के लोक बदलाच्या विरोधात गेले होते, तरी सरकारने निर्णय घेतला; ३ सप्टेंबर १९६७ रोजी, रविवारी पहाटे पाच वाजता, साऱ्या देशाची वाहतूक थांबवून उजवीकडे नेण्यात आली, आणि जो संहार होईल असे वाटत होते तो झाला नाही; अपघात उलट कमी झाले. शिस्तीने सारे साधते याचा याहून मोठा पुरावा कोणता?

"पुढं काय झालं?" मामांनी विचारले. वकीलसाहेब प्रामाणिकपणे म्हणाले, "दोन वर्षांत अपघातांचे प्रमाण पूर्वीच्या पातळीवर आले."

"मग त्यांना वाचवलं ते शिस्तीनं नाही, भीतीनं. सगळे जपून चालले म्हणून वाचले. भीती गेली, सवय लागली, आणि परत पहिल्यासारखं झालं. पोरीचं पण तेच होणार. पहिला आठवडा मला तिची काळजी नाही, कारण ती घाबरलेली असेल, डोळ्यांत तेल घालून चालवील. काळजी आहे ती महिन्यानंतरची. पहाटेची वेळ, रस्ता रिकामा, पुढं गाडी नाही की मागं नाही, पेट्रोल भरून पंपावरून बाहेर पडायचं आहे, डोक्यात ऑफिसचं काम. त्या वेळी दाखवायला दुसरी गाडीच नसते की बाजू कोणती. तिथं हात आपोआप पालमचा रस्ता धरतात."

मला स्वतःला या वादात मामांचे म्हणणे अधिक सत्य वाटते, कारण संकट गर्दीत नसून निर्जनतेत आहे हे त्यांनी अचूक हेरले. गर्दीत परका माणूस इतरांच्या मागोमाग जातो, एकटेपणी तो स्वतःच्या मागोमाग जातो. तथापि वकीलसाहेबांची तळमळही मी बाजूला सारू शकत नाही. रस्ता हा सर्वांचा आणि त्यावरील दुसऱ्याच्या जिवाचा हक्क माझ्या घाईहून मोठा, ही जाणीव ज्याला गावी झाली नाही त्याला ती विमानात होणार नाही. टेक्सासमध्ये शाळेची बस तांबडे दिवे लावून उभी राहिली की दुभाजक नसलेल्या रस्त्यावर दोन्ही दिशांची वाहने थांबतात. तांबड्या दिव्यावरही पूर्ण थांबून, वाट मोकळी पाहून उजवीकडे वळण्याची मुभा आहे, पण त्यातला 'पूर्ण थांबून' हा भाग गाळला तर तो गुन्हा ठरतो. ज्याने जन्मात चाके पूर्ण थांबविलीच नाहीत त्याला हे कसे साधावे?

पोलिसाने मागून दिवे लावले तर काय, हा प्रश्नही निघाला. आपल्याकडे माणूस गाडीतून उतरून कागद घेऊन पोलिसाकडे जातो, आणि ते अदबीचे समजले जाते. तिकडे उजव्या कडेला गाडी घेऊन आतच बसून राहावयाचे, हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवावयाचे आणि तो येईपर्यंत कागद शोधण्यासाठीसुद्धा वाकावयाचे नाही. मामांना हे फार महत्त्वाचे वाटले; त्यांनी ते मुलीकडून पुन्हा वदवून घेतले. पहिल्या दिवशी गाडीला हातच लावावयाचा नाही, यावर मात्र वाद झाला नाही: ऋतूप्रमाणे साडेदहा किंवा साडेअकरा तासांचा फरक पडतो, तेथील दुपारी शरीर पालमच्या मध्यरात्रीत असते, आणि झोपेतल्या माणसाला बाजू नसते.

अखेरीस मुलीने, जी इतका वेळ ताट मांडीवर घेऊन ऐकत होती, विचारले, "मामा, इतकं सगळं करूनही कधी चुकून डावीकडे गेलेच, आणि समोरून गाडी आली तर?"

मामा काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी अंगणातल्या धुळीत काठीने रस्ता काढला आणि दोन खडे समोरासमोर ठेवले. "घाबरल्यावर तुझे हात गाडी डावीकडे ओढतील, कारण इथं जीव वाचवायची बाजू डावी. समोरचा त्याच्या उजवीकडे ओढील, कारण त्याची ती सवय. त्याची उजवी म्हणजे तुझी डावी. दोघं एकमेकांना वाचवायला जाल आणि एकाच कडेला जाऊन भिडाल. म्हणून तेव्हा स्टिअरिंग वळवायचंच नाही. सरळ धरायचं आणि ब्रेकवर पूर्ण पाय. गाडी सावकाश झाली, डोकं ठिकाणावर आलं, की मग उजवीकडे."

वकीलसाहेबांनी पुस्तिका पुन्हा चाळली. हे त्यांना तिच्यात कोठे आढळले नाही. "पण मामा, भीतीच्या क्षणी हात सरळ धरणे हे सांगून येते का?"

"सांगून येत नाही, करून येतं. उद्या सकाळी बाजाराच्या मैदानावर गाडी घेऊन या. मी ओरडलो की तिनं ब्रेक मारायचा, आणि चाकांची रेघ मातीत सरळ उमटली पाहिजे. वाकडी उमटली तर पुन्हा." आणि वकीलसाहेबांकडे वळून त्यांनी विचारले की त्या वेळी मैदानावर डावीकडून चालवायचे की उजवीकडून, यावर त्यांचे काय म्हणणे आहे, तेव्हा वकीलसाहेब म्हणाले, "मैदानापर्यंत डावीकडून, आणि पोचल्यावर तुम्ही सांगाल तसे."